दल सरोवर की सुरसागर?

कार्डावर विषय होता, पाण्याजवळच्या एखाद्या आवडत्या ठिकाणाचं वर्णन करा. तयारीचं एक मिनिट संपलं आणि समोरच्या मुलाने इंग्रजीत सुरुवात केली. काश्मीर, दल सरोवर, शिकारा, पहाटेचं धुकं, पाण्यावर भरणारा भाजीबाजार. 'ब्रेथटेकिंग' झालं, 'पिक्चरेस्क' झालं, 'अ फीस्ट फॉर द आइज'सुद्धा झालं. दीड मिनिट कुठेही न अडखळता. मी मनात म्हटलं, याला माझी काय गरज?

मग सहज विचारलं, शिकाऱ्याचे किती पैसे घेतले? तो गप्प. कोणाबरोबर गेला होतास? गप्प. शेवटी हसला आणि मराठीत म्हणाला, "दादा, मी काश्मीरला गेलोच नाहीये. क्लासच्या फाइलमध्ये आहे ते."

हा मुलगा दांडिया बाजारात राहतो. घरातून निघून सुरसागरच्या कठड्याला हात लावायला त्याला पाच मिनिटं पुरतात. मी म्हटलं, सुरसागरवर बोल. तर म्हणे, "त्याच्यावर काय बोलायचं? तो तर रोजचाच आहे."

"मग आधी मराठीत सांग."

मराठीत तो जो सुटला! लहानपणी संध्याकाळी आजोबा त्याला तलावाभोवती फिरवायचे. कणीस भाजणारा माणूस निखाऱ्यावर पंखा हलवायचा तेव्हा ठिणग्या उडायच्या, त्या बघायला हा थांबायचा. पूर्वी गणपती तिथेच विसर्जन व्हायचे. घरचा गणपती पाण्यात गेला तेव्हा हा इतका रडला, की आजोबांनी परत येताना त्याला खांद्यावर घेतलं. त्यानंतर आजोबा आजारी पडले आणि फिरणं थांबलं. चार मिनिटं तरी बोलला असेल. मग तेच इंग्रजीत सांगायला लावलं. तेरा चुका झाल्या (मी मोजल्या, कोडमधले बग मोजायची सवय). पण तो खोलीतल्या माणसांशी बोलत होता. मघाशी तो डोळे वर करून छताशी बोलत होता.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.ई. इथूनच केलेला. इंग्रजीचा शिक्षक नव्हे आणि तसा आवही आणत नाही. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या एका काकांनी विचारलं, की आपली बरीच मुलं बाहेर जायच्या परीक्षा देतात, बोलण्याच्या भागात अडतात, तू बसशील का त्यांच्याबरोबर? तेव्हापासून रविवारी दहा ते बारा मंडळाच्या वरच्या खोलीत सात-आठ मुलं जमतात. फी नाही. चहा मंडळाचा, बिस्किटं ज्याला आठवतील त्याची.

ही परीक्षा म्हणजे आयईएलटीएस, बोलण्यात 'आयेल्ट्स'. गुजरातेत राहणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, विमानाचं चित्र काढलेला एखादा तरी फलक दिसतोच. १९८९ साली सुरू झालेली ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज यांच्या मालकीची आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला शून्य ते नऊ असा बँड. आता फी सतरा हजारांच्या पुढे गेली आहे आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरला जातो. त्यामुळे अर्ध्या बँडसाठी पुन्हा बसणं म्हणजे घरात चर्चेचा विषय होतो.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर एक परीक्षक, कधी प्रत्यक्ष तर कधी केंद्रातल्या पडद्यावर. सगळं रेकॉर्ड होतं. पहिली चार-पाच मिनिटं साध्या प्रश्नांची असतात: घर, गाव, काम, शिक्षण, आवडीनिवडी. मग हातात कार्ड मिळतं. एक मिनिट विचार करायचा, कागदावर टिपणं काढायची आणि एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयाला धरून चर्चा होते, पण प्रश्न मोठे असतात. म्हणजे कार्डावर तुमच्या आवडत्या शिक्षकाविषयी बोलला असाल, तर तिसऱ्या भागात विचारतील की यंत्रं शिक्षकांची जागा घेतील का.

यात मीही एकदा आपटलो आहे, ते आधी सांगून टाकतो.

बी.ई. झाल्यावर बाहेर एम.एस. करायचं ठरवलं होतं. एका क्लासला गेलो. तिथे साठ कार्डांची साठ उत्तरं छापून दिली होती. पाठांतराची मला भीती नव्हती. लहानपणी परवचा आणि मनाचे श्लोक म्हणून घरात बक्षिसं मिळवलेला मुलगा मी. महिनाभरात साठच्या साठ उत्तरं तोंडपाठ. परीक्षेत नशिबाने कार्ड त्यातलंच आलं आणि मला वाटलं, जिंकलो! मी शिक्षकावरचं उत्तर पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने म्हणून टाकलं. परीक्षकबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, की चांगला शिक्षक आणि हुशार माणूस यांत फरक असतो का? छान प्रश्न होता. आज विचारला तर मी अर्धा तास बोलेन. त्या दिवशी मी म्हटलं, "येस, देअर इज अ डिफरन्स," आणि थांबलो. त्यांनी "का?" विचारलं. मी "बिकॉज बोथ आर डिफरंट" म्हणालो.

ऐकण्यात आठ, वाचण्यात साडेसात, लिहिण्यात साडेसहा आणि बोलण्यात साडेपाच. सरासरी सात बसत होती, पण विद्यापीठाला कुठल्याही भागात सहाच्या खाली चालत नव्हतं. प्रवेशाचा तो हंगाम गेला. सहा महिन्यांनी पुन्हा बसलो तेव्हा बोलण्यात सात मिळाले, पण तोवर बाबांचं ऑपरेशन झालं होतं आणि बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले होते. मी इथेच नोकरी धरली. त्याचं फार दुःख करत बसलो नाही. पण ते "बोथ आर डिफरंट" अजून आठवतं, भांडी घासताना वगैरे.

क्लासला दोष देऊन मोकळं होता येईल, पण मुलांना पाठ करायचं असतं म्हणून क्लास छापून देतो, हेही खरं. टेलिग्रामवर दर चार महिन्यांनी नवी 'प्रेडिक्शन' फाइल फिरते, कारण क्लासवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे जानेवारी, मे आणि सप्टेंबरला कार्डं बदलतात. आमच्या खोलीतल्या मुलांकडेही ती असते. मी ती जप्त करत नाही. फक्त म्हणतो, प्रश्न वाचा, उत्तरं वाचू नका. यावर पोरं माझ्याकडे बघतात ती नजर मला ओळखीची आहे.

पाठांतर का चालत नाही, हे गुण कसे देतात ते पाहिलं की कळतं. परीक्षक चार गोष्टी बघतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारही समान वजनाच्या. ओघात सात, शब्दांत सहा, व्याकरणात सहा आणि उच्चारात सात मिळाले तर सरासरी साडेसहा. कुठल्या बँडला काय अपेक्षित आहे, याचे तक्ते परीक्षा घेणाऱ्यांनीच सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. आपण मोबाइल घेताना दहा संकेतस्थळं चाळतो, पण सतरा हजारांच्या परीक्षेचा दोन पानी तक्ता वाचत नाही.

तो वाचला तर काही गोष्टींनी धीर येतो. व्याकरणात सात मिळवायला निर्दोष बोलावं लागत नाही. बरीच वाक्यं बिनचूक हवीत, काही चुका राहिल्या तरी चालतात. मातृभाषेचा हेल असला म्हणून गुण जात नाहीत, ऐकणाऱ्याला कळायला त्रास झाला तर जातात. त्यामुळे जी मुलं दोन आठवड्यांत अमेरिकन व्हायला निघतात त्यांना मी हात जोडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, थांबण्यालाही दोन जाती आहेत. शब्द सापडेना म्हणून थांबणं वेगळं आणि काय म्हणावं याचा विचार करायला थांबणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं थांबणं नऊ बँडवाल्यालाही माफ आहे. पाठ केलेलं म्हणणारा विचार करायला थांबतच नाही. थांबला की समजावं, विसरला.

शिवाय पाठ केलेल्या उत्तरात ओघ आठचा आणि पुढच्याच प्रश्नाला पाचचा. हा उतार लपत नाही. परीक्षकांना हे ओळखण्याचं प्रशिक्षण असतं, पण ते नसतं तरी ओळखता आलं असतं. किराणा दुकानातल्या मुलाने अचानक संस्कृत बोलायला सुरुवात केली तर तुम्हाला कळणार नाही का?

आपल्याकडे विषय कुठलाही असो, सयाजीराव महाराज आल्याशिवाय लेख पुरा होत नाही, तर मीही नियम मोडत नाही. मालेगावजवळच्या कवळाण्याहून १८७५ साली बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसायला बडोद्यात आला, तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा तो इथे शिकला. पुढे याच महाराजांच्या नोकरीत अरविंद घोष आले. १८९३ ते १९०६ ते बडोद्यात होते आणि बडोदा कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं. सयाजीगंजातून जाताना दिसणारा तो भव्य घुमट त्याच कॉलेजचा, आज त्याखाली विद्यापीठाची कला शाखा भरते. इंग्लंडमध्ये वाढलेल्या या प्राध्यापकाला एका गोष्टीचं मोठं नवल वाटलं, असं त्यांनी नंतरच्या गप्पांमध्ये सांगितलं आहे. इथले विद्यार्थी त्यांचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे आणि पाठ करायचे. वर मुंबईच्या प्राध्यापकांच्या नोट्सही मिळवायचे, विशेषतः त्यातला कोणी परीक्षक असणार असेल तर! म्हणजे 'प्रेडिक्शन' फाइल आपल्या गावात सव्वाशे वर्षांपासून आहे. टेलिग्राम तेवढं नवीन.

नुसते गुण आले आणि भाषा आली नाही, तर काय होतं ते गुजरातने पाहिलेलं आहे. २०२२ मध्ये मेहसाणा भागातले काही तरुण कॅनडातून नदीमार्गे अमेरिकेत शिरताना पकडले गेले. परीक्षेत त्यांना साडेसहा-सात बँड होते, पण न्यायालयात त्यांच्यासाठी हिंदी दुभाष्या बोलवावा लागला. पोलिसांनी परीक्षेतल्या गैरप्रकाराचा तपास सुरू केला. तो प्रकार वेगळा, आपली मुलं त्यात नाहीत. पण त्यानंतर प्रामाणिकपणे सात मिळवणाऱ्या गुजरातच्या मुलाकडेही लोक जरा निरखून बघतात, हा त्रास सगळ्यांच्या वाट्याला आला.

आता आमच्या खोलीकडे परत येतो. पहिल्या वर्षी मी इंजिनिअरसारखं वागलो. मुलांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, सॉफ्टवेअरने त्याचा मजकूर करायचा, त्यात 'बेसिकली' आणि 'लाइक' किती वेळा आलं ते मोजायचं, क्रियापदं तपासायची. दोन शनिवार घालून छोटा प्रोग्राम लिहिला. सगळी मुलं उत्तम इंग्रजी बोलतात असा निकाल आला! मग लक्षात आलं, आवाजाचा मजकूर करणारं ते सॉफ्टवेअर भलतंच सोज्वळ होतं. अडखळणं गाळून टाकायचं आणि चुकीचं क्रियापद परस्पर सुधारायचं. प्रोग्राम ठेवून दिला. आता मुलं स्वतःचं रेकॉर्डिंग स्वतः ऐकतात. पहिल्यांदा ऐकताना सगळी कानावर हात ठेवतात. तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट एका आजींमुळे कळली. एका मुलीला सोडायला तिची आजी आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांमुळे परत जिने चढउतार नको म्हणून दोन तास तिथेच बसल्या. कार्ड होतं, तुमची हरवलेली एखादी वस्तू. मुलांची उत्तरं ठरलेली: मोबाइल, पाकीट, मोबाइल. चाळीस सेकंदांत सगळ्यांचं बोलणं संपत होतं. मी गमतीने म्हटलं, आजी, तुम्ही सांगा. त्या मराठीत सुरू झाल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी खंडेराव मार्केटमध्ये त्यांच्या कानातली कुडी पडली. सासूबाईंची कुडी. घरी कसं सांगायचं म्हणून त्या डोक्यावरचा पदर कानावर ओढून दोन दिवस वावरल्या. मध्येच त्या वेळच्या भाजीच्या भावांकडे गेल्या, तिथून सासूबाईंच्या स्वभावाकडे आणि बरोबर परत कुडीकडे आल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच पातेलं पुढे केलं. कुडी मेथीच्या जुडीत अडकून घरी आली होती आणि निवडताना त्यांनाच सापडली होती. सुनेला दोन दिवस काही म्हणाल्या नाहीत, ती आपणहून सांगते का ते बघत होत्या.

सात मिनिटं! एक धागा सुटला नाही. मी मुलांना म्हटलं, तक्त्यातला पहिला मुद्दा आहे ना, ओघ आणि सुसंगती, तो असा असतो. आजींना इंग्रजी येत नाही, पण त्या मुद्द्यात त्यांना नऊ आहेत.

त्या दिवशी मला नीट कळलं, की आमच्या मुलांना अडचण इंग्रजीची आहे त्याहून जास्त बोलण्याची आहे. त्यांना कुठल्याच भाषेत सलग दोन मिनिटं बोलायची सवय नाही. आपल्या घरांत मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. चार भाषा येतात, पण चारही तुकड्यांत. 'कसा होता पेपर?' 'ठीक.' 'काय खाणार?' 'काहीपण.' आणि मूल बोलायला लागलं तर आपण काय करतो? पहिल्याच वाक्याला दुरुस्ती. "मी तिला बोललो नाही, मी तिला म्हणालो." बरोबर आहे, पण त्याचं सांगायचं राहून जातं ना.

म्हणून पालक विचारतात, "घरी आता इंग्रजीत बोलू का याच्याशी?" तर मी नको म्हणतो. ज्या घरात सगळे मराठी, तिथे ते नाटक आठ दिवस चालतं. त्यापेक्षा जेवताना रोज एक कार्ड काढा आणि मुलाला मराठीतच दोन मिनिटं बोलू द्या. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही, विशेषतः बाबांनी. नंतर तेच त्याने खोलीत जाऊन इंग्रजीत रेकॉर्ड करायचं. मनातल्या मनात वाक्यं भाषांतरित करायची असं नव्हे. आधी सांगायचं काय ते ठरलं, की डोक्यावरचा अर्धा भार उतरतो. जो खोटी गोष्ट रचतो त्याला गोष्टही रचावी लागते आणि इंग्रजीही. परीक्षेत खरं-खोटं कोणी तपासत नाही, पण खरं सांगणं कमी कष्टाचं असतं, म्हणून ते सांगावं.

खऱ्या गोष्टीबरोबर शब्दही येतात, हा दुसरा फायदा. दल सरोवरवाल्या मुलाकडे 'ब्रेथटेकिंग' होतं, ते सगळ्यांकडेच असतं. सुरसागरवर बोलताना त्याला विसर्जन, कठडा, निखारे, ठिणग्या यांना इंग्रजी शब्द लागले. आम्ही ते शोधले: इमर्शन, पॅरपेट, एम्बर्स, स्पार्क्स. हे शब्द त्याला पाठ करावे लागले नाहीत, कारण ते चिकटायला त्याच्याकडे जागा होती.

उच्चार आणि व्याकरणाचं थोडक्यात सांगतो. मराठीत ॲ आणि ऑ वेगळे आहेत, ही आपली जमेची बाजू. पण गुजराती शेजारात वाढलेली आपली मुलं 'हॉल'चं 'होल' आणि 'स्नॅक'चं 'स्नेक' करतात. पाहुण्यांना स्नेक्स दिल्याचं सांगणारी एक मुलगी आमच्याकडे होती. 'व'चे दोन प्रकार आपल्याला जड जातात. 'वॉक्ड'च्या शेवटचा आवाज एक तर गिळला जातो किंवा 'वॉक-एड' होतो. शब्दातल्या जोराकडे कोणी लक्षच देत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. व्याकरणात 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हा राष्ट्रीय प्रकार. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून आपण ते विसरतो, आणि मग आठवले की सगळीकडे टाकतो. एका आठवड्याला एकच चूक धरायची, हा आमचा नियम. सगळ्या एकदम धरल्या की मूल मुकं होतं.

आणि आवडता रंग कोणता असं विचारल्यावर "दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन" म्हणायचं नाही. हा नियम मी खोलीत भिंतीवर लावला आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो, त्याने कमीपणा येत नाही. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर घाबरायचं नाही, त्यांना वेळेचं बंधन असतं. तिसऱ्या भागानंतर मुलं मला हटकून विचारतात, "दादा, उत्तर बरोबर होतं का?" बरोबर उत्तर नसतंच, यावर त्यांचा विश्वास बसायला महिना जातो. बारावीपर्यंत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असलेल्या मुलांना, तुझं काय मत आहे, असं कोणी विचारलेलं नसतं.

शेवटी एका मुलीबद्दल सांगायचं आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव नको म्हणाली.

ती नर्स आहे. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात चार वर्षं काम केलेली. इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी या परीक्षेत बोलण्यात, ऐकण्यात आणि वाचण्यात सात आणि लिहिण्यात साडेसहा लागतात. ती दोनदा बसली होती. दोन्ही वेळा बाकी सगळं जमलं आणि बोलण्यात साडेसहा. वडिलांची रिक्षा, धाकटा भाऊ डिप्लोमाला. तिसऱ्या वेळची फी तिने स्वतःच्या पगारातून दोन महिने साठवून भरली.

पहिल्या रविवारी कार्ड होतं, तुम्ही कोणाला मदत केल्याचा प्रसंग. ती उभी राहिली आणि म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडायला मदत केल्याचं सांगू लागली. रहदारी, पिशवी, बाईंचे आशीर्वाद. मी ऐकत राहिलो. चार वर्षं रात्रपाळ्या केलेली नर्स मदतीचं उदाहरण म्हणून फाइलमधली म्हातारी रस्त्यापार नेत होती!

चहाच्या वेळी मुलांनी तिला विचारलं, रात्री वॉर्डमध्ये भीती नाही वाटत? तेव्हा ती मराठीत सांगू लागली. छोटा उदेपूरकडचे एक आजोबा दाखल होते. त्यांना फक्त राठवी येत होती, हिला येत नव्हती. ऑक्सिजनचा मास्क लावला की ते ओढून काढायचे. त्यांना वाटत होतं, आपलं तोंड दाबतायत. पहाटे तीनला तिने दुसरा एक मास्क आणला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि त्यांच्यासमोर स्टुलावर तशीच बसून श्वास घेत राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी हात पुढे केला आणि आपला मास्क मागितला.

खोलीत कोणी बिस्कीटसुद्धा मोडलं नाही.

मी म्हटलं, "हे का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "दादा, हे तर आमचं कामच आहे. ते काय परीक्षेत सांगायचं?"

पुढचे सात रविवार आम्ही फक्त तिची ड्युटी इंग्रजीत आणली. सॅच्युरेशन, ड्रिप, शिफ्ट बदलताना द्यायचा हँडओव्हर, घाबरलेले नातेवाईक, बिल बघून गप्प होणारे नातेवाईक. शब्द तिच्याकडे आमच्यापेक्षा जास्त होते, फक्त ते तिला 'परीक्षेचे' वाटत नव्हते. 'पेशंट वॉज रिफ्यूज्ड' म्हणायची, ते 'पेशंट रिफ्यूज्ड' करायला दोन आठवडे गेले. 'व'चा प्रश्न अजून आहे.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं, कसा गेला ते सांगेल. कार्ड आलं होतं, तुम्ही धीर धरून केलेलं एखादं काम. फाइलमध्ये नव्हतं. तिने राठवी आजोबांचं सांगायला सुरुवात केली, मास्क आणला, स्टुलावर बसली, आणि तेवढ्यात परीक्षकांनी "थँक यू" म्हणून थांबवलं. दोन मिनिटं झाली होती.

"दादा," ती म्हणाली, "त्यांनी हात पुढे केला ते सांगायचंच राहिलं."

निकाल आठवड्याभरात आला. बोलण्यात सात.